अंगठ्याखालची धमनी

३ डिसेंबर

चि. टिल्लू यास,
ताईचे भरपूर आशीर्वाद. त्यातला एक खास तुझ्या पोटासाठी, की त्याने आता तरी वाढायचं थांबावं.

तुझ्या बायकोने मागच्या पत्रात तक्रार केली आहे, की अडुसष्ट वर्षांच्या माणसाला टिल्लू म्हणणं बरं दिसत नाही. तिला सांग, तू जन्मलास तेव्हा मी तुला एका हातात उचललं होतं. पुढे तू मोठमोठे ट्रक चालवलेस म्हणून माझ्या लेखी तुझी उंची काही वाढली नाही. दहा तारखेला डोळ्याचं ऑपरेशन आहे ना? पट्टी सांगतील तितके दिवस ठेव. वाकू नकोस. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंक. छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून उभी राहिले आहे, त्यामुळे एवढं तरी माझं ऐक.

आमच्या वृद्धाश्रमात नाताळची गडबड सुरू झाली आहे. पंचवीस तारखेला दुपारी चार वाजता सगळ्यांचे नातेवाईक येणार. सुतारकाका प्लायवुडची मोठी चांदणी कापतायत. एक्याऐंशी वय, दिवसभरात चार शब्द बोलतात, चमचा धरला की हात थरथरतो. पण करवत धरली की थरथर कुठे जाते कोण जाणे. माझ्या खोलीत राहते ती पियानोबाई त्या दिवशी वाजवणार आहे. चाळीस वर्षं तिने शाळेतल्या मुलांना पियानो शिकवला. मला नाताळबाबाची दाढी करायचं काम दिलंय, कारण म्हणे कापूस नर्सलाच कळतो. ती दाढी लावणार आहे हसऱ्या.

या हसऱ्याबद्दलच लिहायला बसले होते, आणि इतका वेळ टाळत होते. तो इथला मदतनीस. सकाळी म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो, भरवतो, उचलून बसवतो. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, नातेवाइकांशी अतिशय गोड. सदा हसरा, म्हणून त्याचं हे नाव. पियानोबाईच्या दंडावर मला चार बोटांचे वळ दिसले, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा. काही काळेनिळे, काही हिरवट, काही पिवळे पडलेले. टिल्लू, मुक्या माराला तारीख असते. निळा कालचा, हिरवा पाच-सहा दिवसांपूर्वीचा, पिवळा त्याच्याही आधीचा. मी तिला विचारलं तर म्हणाली, घसरले. काल सकाळी मी न्हाणीघराचं दार ढकललं. तिला स्वेटर काढायला वेळ लागला म्हणून हसऱ्याने तिची मान धरून तोंड गार पाण्याच्या नळाखाली दाबलं होतं. तिचे पाय फरशीवर घसरत होते. मला पाहून त्याने हात काढला आणि हसून म्हणाला, की आजींचे केस धुतोय.

तू यातलं कुणाला काही बोलू नकोस. आधी मला सगळ्यांच्या अंगावरच्या खुणा वहीत तारखेनिशी टिपून घ्यायच्या आहेत. पुरावा हातात आला की मीच बोलेन. तोवर ही गोष्ट तुझी-माझी.

डोळ्यांना जप. तुझ्यावर रागावण्याचा हक्क राखून,
तुझी ताई

८ डिसेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा दंडवत. पोट मध्ये येतं, तरी जमेल तितका वाकून.

तुझं पत्र वाचलं आणि रात्रभर तळमळलो. मग बायकोशी बोललो. (तिला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे.) ती म्हणाली, वन्संना आयुष्यभर तुटलेली माणसंच बघायची सवय, एखादा साधा वळही त्यांना मोठा दिसत असेल. मलाही अर्धं तसंच वाटलं, रागावू नकोस. पण अर्धं वाटलं नाही. म्हणून काल सरळ तुमच्या व्यवस्थापकबाईंना फोन लावला.

फार चांगल्या वाटल्या बाई. शांतपणे ऐकून घेतलं. कुठल्या आजी, असं विचारलं, तेव्हा मी पियानोबाईंचं सांगितलं. आणि कुणी पाहिलं म्हणाल्या, तेव्हा माझ्या बहिणीने, असंही सांगितलं. लपवायचं कशाला? आजच चौकशी करते म्हणाल्या. ताई, मी ट्रान्सपोर्टमध्ये हेच शिकलो. हमाल माल आपटायला लागला, की मालकाच्या कानावर घालायचं. दुसऱ्या दिवशी तोच हमाल काच उचलल्यासारखी पेटी उचलतो. तू वही भरत बसशील आणि तिकडे त्या बाई मार खातील, हे मला पटेना.

परवा ऑपरेशन. पट्टी उघडेपर्यंत प्रवास नाही म्हणतात, नाहीतर नाताळला आलोच असतो. केकचा माझा तुकडा सुतारकाकांना दे.

तुझी बोलणी खायला तयार,
टिल्लू

१२ डिसेंबर

चि. टिल्लू,
आशीर्वाद. सवयीने लिहिला. आज मनातून येत नाहीये.

तुझ्या फोनचं काय झालं ते ऐक. व्यवस्थापकबाईंनी त्याच संध्याकाळी चौकशी केली. म्हणजे काय केलं, तर पियानोबाईला आणि हसऱ्याला एकाच टेबलासमोर बसवलं आणि तिला विचारलं, की हा तुम्हाला मारतो का? तो शेजारच्या खुर्चीवर, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला. ती नाही म्हणाली. चौकशी संपली. बाईंनी मला बोलावून समजावलं, की नाताळच्या तोंडावर संस्थेचं नाव खराब होईल असं काही करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम पाण्याच्या रांगेत होते. न्हाणीघरातून आवाज आला. किंकाळी नंतर आली, टिल्लू. आधी हाड मोडल्याचा आला. तो आवाज मी ओळखते. ओलं लाकूड पायाखाली मोडावं तसा असतो. मी धावले. त्याने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. एकदा नाही. मनगट पार वाकडं झालेलं, आणि ती बसल्या जागी ओकत होती. मी त्याच्या अंगावर गेले. त्याने मला भिंतीशी रेटलं, कोपर माझ्या गळ्यावर ठेवलं आणि हसत, अगदी हळू आवाजात सांगितलं, की म्हाताऱ्यांची हाडं फार ठिसूळ असतात, भावाला फोनवर तेवढंही सांगा. कोपर काढल्यावर त्याने माझी कॉलर नीट केली. माझ्या गळ्यावर आता निळं आहे. तारीख मला माहीत आहे.

डॉक्टर आले, प्लास्टर घातलं, कागदावर लिहिलं की रुग्ण घसरून पडली. पियानोबाईनेच तसं सांगितलं. मी बोलायला गेले तर तिने डाव्या हाताने माझं तोंड दाबलं. तिचा उजवा हात, टिल्लू. ज्या हाताने ती चाल वाजवायची तो.

तुला मी एकच सांगितलं होतं, बोलू नकोस. ते मनगट त्या दाराने मोडलं, हे खरं. पण त्या दारापर्यंत तिला तुझ्या फोनने नेलं. तुझा हेतू चांगला होता हे मला लिहू नकोस. मला ठाऊक आहे आणि त्याचा तिला उपयोग नाही.

ऑफिसच्या पेटीत टाकलेली पत्रं तो वाचतो. हे स्वयंपाकीणबाईंच्या पिशवीतून येतंय. तूही उत्तर त्यांच्याच घरी पाठव, पत्ता मागे लिहिला आहे.

डोळा कसा आहे ते कळव. काही झालं तरी तू माझा भाऊ आहेस, याला इलाज नाही.
ताई

१६ डिसेंबर

ती. वन्संना,
सुनेसारखाच माझा वाकून नमस्कार. हे मी लिहिते आहे, कारण ह्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, चांगला डोळाही झाकून ठेवायला सांगितलाय. हे सांगतात तसं लिहायचं असं ठरलंय, पण मधेमधे मी माझंही लिहीन.

ताई, तुझं पत्र हिने वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीला मी हिला थांब म्हणालो, पण ही थांबली नाही. बरं केलं. मला दुसरं काही म्हणायचं नाही. मीच तो हात मोडला. (हे दोन दिवस जेवलेले नाहीत. पट्टीखालून पाणी येतंय, डॉक्टर ओरडतील.) मी इथल्या पोलीस ठाण्यात हिला घेऊन गेलो, तक्रार लिहून दिली. ते म्हणाले, ती तुमच्या तिकडच्या ठाण्याला पाठवू. तिथे सुट्ट्या आहेत, सत्तावीसनंतर कुणीतरी येऊन जाईल. मी म्हणालो, तोवर अजून एखादं हाड मोडलं तर? त्यांनी खांदे उडवले. (यावर हे टेबलावर मूठ आपटून फार वाईट बोलले. मी ते लिहीत नाही.)

पट्टी निघाली की मी येतो आणि त्या हरामखोराचे दोन्ही पाय गुडघ्यातून उलटे वाकवतो. (मी लिहिणार नव्हते, पण ह्यांनी तीनदा सांगितलं म्हणून लिहिलं. वन्सं, खरं सांगू, मलाही ते वाचून बरं वाटलं.) तोवर तू एकटी त्याच्या समोर जाऊ नकोस. पियानोबाईंना एकटं सोडू नकोस.

(वन्सं, मी तुम्हाला मोठा वळ दिसत असेल असं म्हणाले होते. माझी जीभ झडो.)

तुझ्या शिव्यांचीही वाट पाहणारा आणि त्याच्या पट्टीला सांभाळणारी,
आम्ही दोघं

२७ डिसेंबर

चि. टिल्लू,
आशीर्वाद. हे पत्र तुझ्या बायकोकडून वाचून घ्यावं लागेल. तिला नीट बसू दे, आणि मधे पाणी पिऊ दे.

नाताळच्या दुपारी मोठ्या खोलीत सगळं छान मांडलं होतं. झाडाला काचेचे गोळे, भिंतीवर सुतारकाकांची चांदणी, स्वयंपाकीणबाईंनी केलेला तीन थरांचा केक. साठेक पाहुणे होते. नोव्हेंबरात वारलेल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजींची मुलगीही आली होती; आईच्या आठवणीसाठी ती सगळ्यांना लोकरीच्या टोप्या वाटणार होती. केक कापायचा मान सुतारकाकांचा, सगळ्यांत वडील म्हणून. त्यांच्या हातात लांब सुरी दिली होती.

हसऱ्या लाल अंगरखा आणि मी केलेली दाढी लावून आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याने टोपलीतून भेटी वाटल्या, म्हाताऱ्यांच्या गालांचे पापे घेतले. माझ्याही. मग म्हणाला, संगीताशिवाय नाताळ कसला, आणि पियानोबाईला घ्यायला आला. ती नको म्हणाली, हात दाखवला. तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला, आमच्या बाई लाजतात, त्यांना एक डावा हातही पुरतो. आणि त्याने तिला उठवलं ते त्या प्लास्टरच्या हाताला धरून. प्लास्टरमधून बाहेर आलेली चार बोटं त्याने मुठीत घेतली आणि पिळली. मी अगदी समोर होते. पिळताना तो हसत होता, आणि दाढीमुळे तर आणखीच छान दिसत होता.

ती ओरडली. पाहुणे हसले, टिल्लू. त्यांना वाटलं हा गमतीचाच भाग आहे. कुणीतरी टाळ्या धरल्या.

सुतारकाका टेबलामागून निघाले. घाई नाही, काही नाही. एखादी फळी मापायला जावं तसे चालत गेले. त्यांनी सुरी खालून वर, हसऱ्याच्या डाव्या मांडीत आतल्या बाजूने घातली आणि ओढली. हात जराही थरथरला नाही. हसऱ्याने खाली पाहिलं, आणि मग उजव्या मुठीने सुतारकाकांच्या तोंडावर असा ठोसा मारला की त्यांची कवळी झाडाखाली जाऊन पडली. ते मागे गेले आणि डोकं पियानोच्या कोपऱ्यावर आपटलं. तो आवाजही मला ओळखीचा होता.

मग हसऱ्या बसला. लाल अंगरख्यावर रक्त दिसतच नव्हतं. फरशीवर दिसायला लागलं तेव्हा लोक किंचाळले. ते उसळ्या मारत येत होतं, म्हणजे मोठी धमनी. अशा माणसाला चार-पाच मिनिटं असतात. मी आधी सुतारकाकांकडे पाहिलं. श्वास चालू होता, कानातून रक्त येत होतं. तिथे माझ्या हातांचा काही उपयोग नव्हता. हसऱ्याकडे होता. मी विचार केला नाही. गुडघ्यांवर बसले, त्याच्या जांघेत दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून सगळं वजन टाकलं. उसळी थांबली. छत्तीस वर्षांची सवय आहे. हात आधी जातात, मी मागून जाते.

रुग्णवाहिकेला पंचवीस मिनिटं लागणार होती. व्यवस्थापकबाई ओरडत होत्या, की म्हाताऱ्याला वेड लागलं, वेड लागलं. पाहुणे सुतारकाकांना शिव्या देत होते. पियानोबाई हात छातीशी धरून भिंतीशी बसली होती आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. आणि हसऱ्या माझ्याकडे बघत, दाढीआडून मला म्हणाला, आजी, सोडू नका. गोड आवाजात.

टिल्लू, पुढचं नीट ऐक. मी त्याला मोठ्याने म्हणाले, की पियानोबाईचा हात कसा मोडला ते सगळ्यांना सांग. तो म्हणाला, घसरल्या. मी अंगठे उचलले. पाचपर्यंत मोजले. रक्त माझ्या तोंडावर, चष्म्यावर, त्याच्या कापसाच्या दाढीवर उडालं. मी पुन्हा दाबलं आणि तोच प्रश्न विचारला. तेव्हा त्याने सांगितलं. दाराचं सांगितलं, नळाचं सांगितलं, माझ्या गळ्याचंही सांगितलं. मी विचारलं, आणखी? तो रडायला लागला, म्हणाला, आणखी काही नाही. मी दुसऱ्यांदा उचलले.

तेव्हा त्याने त्या वारलेल्या आजींचं सांगितलं. त्या भरवताना तोंड मिटून घ्यायच्या. त्याने नाक दाबून, चमच्याच्या दांड्याने दात उघडून भात कोंबला. त्यांचा श्वास अडकला तरी पुढचा घास कोंबला, कारण त्याला अजून सहा जणांना भरवायचं होतं. त्यांची मुलगी टोप्यांची पिशवी घेऊन तिथेच उभी होती. ती पुढे आली आणि तिने त्याच्या तोंडावर लाथ मारली. बुटाच्या टाचेने, तीनदा. नाक मोडलं, पुढचे दात आत गेले. मी तिला थांबवलं नाही. कुणी विचारलं तर सांगेन, की माझे दोन्ही हात गुंतले होते.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी दाबून ठेवलं. तो जिवंत आहे. सुतारकाका बेशुद्ध आहेत. माझ्या नखांमधलं अजून निघालेलं नाही.

पोलीस त्या रात्री येऊन पंचनामा करून गेले, आमचे जबाब घ्यायला सुट्ट्यांनंतर येणार आहेत. आत्ता एवढंच, हात दुखतायत.
ताई

२ जानेवारी

ती. ताईस,
पट्टी निघाली. हे माझंच अक्षर आहे; मोठं आणि वाकडं आलंय, पण माझं आहे. तुझं पत्र मी आज पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो आहे असं समज.

तुला आजवर न सांगितलेली एक गोष्ट आहे. बायकोलाही नाही. तीस-बत्तीस वर्षं झाली. भर दुपारी, उतारावर, एकाने माझ्या काचेवर दगड घातला. काच फुटली, एक तुकडा इथे भुवईत गेला. तुला मी सांगितलं होतं की दार लागलं. मी गाडी थांबवली आणि त्याला शेतातून पाठलाग करून पकडलं. हातात जॅकचा दांडा होता. पहिले दोन घाव रागाचे होते. तो पडला, त्याने हात जोडले. नंतरचे घाव कशाचे होते ते मला आजही सांगता येत नाही. त्याचा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, तरी मी मारत होतो. मग गाडीत बसलो आणि निघून गेलो. तो जगला की मेला, माहीत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी त्या रस्त्याने गेलो नाही. चाळीस किलोमीटरचा वळसा घालायचो. मालकाला सांगायचो, तिकडचा पूल कच्चा आहे.

हे एवढ्यासाठी सांगतो, की असलं ओझं घेऊन माणूस जगू शकतो. जेवतो, झोपतो, नातवंडांना खांद्यावर घेतो. म्हणून माझं ऐक. पोलिसांना अंगठे उचलल्याचं सांगू नकोस. त्या गोंधळात, तेवढ्या रक्तात कुणाला काय दिसलं असेल? म्हण, हात घसरला. शहात्तर वर्षांच्या बाईचा हात घसरतोच. त्याने कबुली दिली ती भीतीने दिली, एवढं पुरे आहे. माझ्या एका फोनने एक मनगट मोडलं. आता माझ्या गप्प राहण्याने माझी बहीण वाचू दे.

सुतारकाकांचं काय? पियानोबाई बोलतात का? मी पुढच्या आठवड्यात शनिवारी निघतोय. बायको नको म्हणत होती, आता तीच पिशवी भरते आहे.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
टिल्लू

९ जानेवारी

चि. टिल्लू,
तुला आणि तुझ्या त्या वळशाच्या रस्त्यालाही आशीर्वाद. तुझं पत्र मी उशाखाली ठेवलं नाही. वाचून झाल्यावर स्वयंपाकीणबाईंच्या चुलीत टाकलं. एवढं मी तुझ्यासाठी केलं. तुझं म्हणणं मात्र ऐकलं नाही.

सुतारकाका तीस तारखेला सकाळी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. मी आणि पियानोबाई जवळ होतो. तिने डाव्या हाताने त्यांच्या तळव्यावर बराच वेळ काहीतरी वाजवलं. काय ते मी विचारलं नाही.

ते गेले तसं व्यवस्थापकबाईंना बोलायला मोकळं रान मिळालं. त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं, की एका भ्रमिष्ट म्हाताऱ्याने विनाकारण एका कष्टाळू माणसावर सुरी चालवली आणि बाकीचं म्हाताऱ्यांच्या मनाचे खेळ. विनाकारण! मग मी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझी वही दिली, सतरा जणांच्या अंगावरच्या खुणा तारखेनिशी. गळ्यावरचं निळं आता पुसलंय, त्याचीही तारीख वहीत दाखवली. आणि अंगठे उचलल्याचंही सांगितलं. इन्स्पेक्टर लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, आजी, हात घसरला असेल. अगदी तुझंच वाक्य. मी म्हणाले, माझा हात छत्तीस वर्षांत घसरला नाही. सुतारकाका खोटे ठरू नयेत म्हणून मला खरं बोलायचं होतं, आणि मग त्यातलं माझ्या गैरसोयीचं तेवढं कसं वगळू?

त्यानंतर पियानोबाई उठली आणि आपण होऊन बोलली. तीन तास बोलली. तिचं पाहून आणखी अकरा जण बोलले. व्यवस्थापकबाईंना काढून टाकलं आहे. हसऱ्यावर त्या आजींच्या मृत्यूचा गुन्हा लागतो आहे. मुलीवर लाथेचा लागेल, आणि माझ्यावरही काहीतरी लागेल. वकील म्हणतात, तुरुंगात धाडणार नाहीत. धाडलं तर धाडू देत, तिथेही आजारी माणसं असतातच.

हसऱ्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला. मी सर्जनला विचारलं, ते दहा सेकंद दाबलेलं असतं तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता, मनाला लावून घेऊ नका. टिल्लू, मीही नातेवाइकांना असंच सांगायचे.

काल मी त्याला बघायला इस्पितळात गेले. का गेले, विचारू नकोस. दाराशी पोलीस होता, त्याला वाटलं मी नर्स आहे. चालण्यावरून वाटलं असेल. हसऱ्या डोळे मिटून पडला होता. नाक चपटं, दात गेलेले, त्यामुळे चेहऱ्यावर हसू असं काही उरलंच नाही. चादर घसरली होती, ती नीट करायला मी हात पुढे केला. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीकडे सरकला. उरलेला पाय पोटाशी घेतला. तोंडातून लहान मुलासारखा आवाज काढला.

आणि मला बरं वाटलं. तुला खोटं कशाला लिहू? छातीत काहीतरी ऊबदार पसरलं, भूक लागल्यावर पहिला घास पोटात जावा तसं. मी हात मागे घ्यायला हवा होता. नाही घेतला. तसाच त्याच्या तोंडासमोर धरून ठेवला, तो किती आकसतो ते बघत. मग माझ्या डोक्यात आलं, की पहिल्यांदा कुठल्यातरी म्हाताऱ्याने याच्यासमोर असे हात डोक्यावर घेतले असतील, तेव्हा यालाही अस्संच बरं वाटलं असेल. मी बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. पोलिसाने पाणी आणून दिलं.

तू शनिवारी येतोच आहेस. मला घरी न्यायला येत असशील तर मी नाही येणार. इथे नवीन मदतनीस आली आहे, आणि न्हाणीघराच्या दाराशी रोज सकाळी कुणीतरी उभं राहायला हवं. पण ये. तू त्या शेतातून परत गाडीकडे चालत आलास, तेव्हा तुझ्या छातीत काय होतं, ते मला तोंडाने सांग. खरं सांग. हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

तुझी वाट पाहणारी,
ताई